लॅटिन, मध्ययुगीन

सुमारे सहाव्या शतकापासून पंधराव्या शतकापर्यंत पश्चिम व मध्य यूरोपात धर्म, न्याय, राज्यकारभार आणि विद्या या क्षेत्रांत वापरली गेलेली लॅटिन. अभिजात लॅटिनचे हे केवळ बिघडलेले रूप होय, असा समज प्रबोधनकालीन पंडितांनी रूढ केला आणि तो दीर्घकाळ टिकला. वस्तुतः ती कोणाचीही मातृभाषा नसलेली, पाठशाळेत शिकावी लागणारी, तरीही नित्याच्या व्यवहारामुळे सतत बदलणारी भाषा होती. भारतातील संस्कृतच्या स्थितीशी तिचे बरेच साम्य आहे. मात्र पाणिनीय व्याकरणाने संस्कृतला जेवढे बांधून ठेवले, तेवढे दोनातुस व प्रिस्किआनुस यांच्या व्याकरणांनी या लॅटिनला ठेवले नाही.

लिखित लॅटिन व लोकांची बोली यांतील अंतर केव्हा जाणवू लागले, याचा उत्तम पुरावा म्हणजे आठव्या शतकातील रायखेनाऊ शब्दसूची. बायबलमधील अवघड ठरलेले शब्द तीत सोप्या शब्दांनी समजावून दिलेले आहेत. यकृत या अर्थाचा ‘येकुर’ हा शब्द (संस्कृत ‘यकृत्’ याचाच सगोत्र) वाचकांना कळेनासा झाला होता. त्याच्यापुढे ‘फिकातुम’ असे लिहिले आहे आणि त्यापासूनच फ्रेंच ‘फ्वा’ आला. चीज या अर्थाच्या ‘कासेउस’ या शब्दासाठी दिलेल्या ‘फोर्मातिकुम’पासून ‘फ्रोमाझ’ निघाला. शार्लमेनच्या (कार. ७६८–८१४) आश्रयाने ॲल्क्विन (सु. ७३५–८०४) या विद्वानाने शिक्षणात शुद्ध लेखन व शुद्ध उच्चार यांचा आग्रह धरला. त्याचा एक परिणाम असा, की चर्चमधील लॅटिन सामान्य माणसाच्या कानाला आणखीच परकी झाली. ८१३ मध्ये तूर येथील धर्मसभेने प्रवचने ग्रामीण रोमन भाषेत किंवा जर्मन भाषेत समजावून द्यावीत, असे ठरविले. ८४२ च्या स्ट्रॅसबर्ग येथील शपथांत तर रोमान्स बोलीचा मजकूर प्रत्यक्ष लिहिलेला मिळतो. मध्ययुगीन लॅटिन ही स्वतंत्र भाषा म्हणून या सुधारणेतूनच जन्मली, असे मत रॉजर राइट यांनी १९८२ मध्ये मांडले. ते सर्वांना मान्य नाही. पण त्यानंतर हा प्रश्न पूर्वीच्या सोप्या रीतीने मांडणे शक्य राहिलेले नाही.

या भाषेतील शब्द बहुधा ओळखीचे असतात. अर्थ मात्र बदललेले असतात. ‘कोमेस’ म्हणजे मुळात सोबती. पुढे तो राजाचा अधिकारी व अखेर सरदार झाला (फ्रेंच ‘काँत’). ‘मिलेस’ म्हणजे सैनिक. त्याचा अर्थ घोडेस्वार सामंत असा झाला. ‘होस्तिस’ म्हणजे शत्रू. मध्ययुगीन आज्ञापत्रांत त्याचा अर्थ सैन्य असाही होतो. केवळ अभिजात लॅटिनचा कोश हाती घेऊन मध्ययुगीन दानपत्रे वाचणाऱ्याची फसगत ठरलेलीच. अर्थाचा असा संदेह त्या काळीही कलहास कारण होई. ११५७ मध्ये बझांसाँ येथे सम्राट फ्रीड्रिख बार्बारोसा याच्या दरबारात पोप चौथा एड्रियन याचे पत्र वाचले गेले. त्यात सम्राटाला ‘बेनेफिकिया’ देण्याचा उल्लेख होता. जुन्या अर्थाने हे उपकार. सरंजामी व्यवहारात मात्र ‘बेनेफिकियुम’ म्हणजे स्वामीने मांडलिकाला दिलेली जहागीर. चान्सेलर राइनाल्ट फोन डासेल याने जर्मनमध्ये सांगताना दुसरा अर्थ घेतला. साम्राज्य ही पोपने दिलेली जहागीर ठरते, या कल्पनेने दरबार खवळला आणि पोपच्या दूतांच्या जिवावर बेतले. पुढील वर्षी पोपला खुलासा करावा लागला, की आपणास केवळ ‘चांगले कृत्य’ एवढेच अभिप्रेत होते. राइनाल्टने मुद्दाम तो अर्थ लावला असावा, असे वाटण्यास जागा आहे. पण शब्दाने त्याला तशी मुभा दिली होती, हे अधिक महत्त्वाचे.

यूरोपीय भाषांवरील या लॅटिनचा प्रभाव मराठी वाचकाला तत्सम व तद्भव या संज्ञांनी सहज कळेल. ‘क्षेत्र’ व ‘शेत’ हे दोन्ही शब्द जसे मराठीत वेगळ्या अर्थांनी नांदतात, तसे लॅटिन ‘काउसा’पासून बोलीतून झिजत आलेला ‘शोझ’ (वस्तू) आणि विद्वानांनी ग्रंथांतून पुन्हा उचललेला ‘कोझ’ (कारण) हे दोन्ही फ्रेंचमध्ये आहेत. लिहितावाचता येणारा तो धर्मसेवक, अशी स्थिती असल्याने ‘क्लेरिकुस’ इंग्रजीत अखेर कारकून झाला. जर्मनने उसनवारीबरोबर अनुवादाचाही मार्ग धरला : ‘कोन्स्किएन्तिया’ या शब्दाच्या घटकांचा अनुवाद होऊन सद्‍सद्‍विवेकबुद्धी या अर्थाचा ‘गेविसेन’ घडला. हा व्यवहार एकतर्फी मात्र नव्हता. युद्धवाचक ‘बेल्लुम’ बोलींतून मागे पडला आणि जर्मानिक मूळ असलेला ‘वेर्रा’ लॅटिन लेखनातही शिरला. सरंजामशाहीचे वाचक असे ‘फेउदुम’ हे पदही लॅटिनला मूळचे नव्हे.

अरबी ग्रंथांच्या बाराव्या शतकातील अनुवादांमुळे आलेल्या शब्दांत भारताचाही वाटा आहे. संस्कृत ‘ज्या’ किंवा ‘जीवा’ ही त्रिकोणमितीतील संज्ञा अरबीत ‘जीबा’ झाली. स्वर न लिहिण्याच्या प्रघातामुळे ती ‘जैब’ (वस्त्राची घडी) अशी वाचली गेली आणि अनुवादकांनी त्याच अर्थाचा ‘सिनुस’ हा लॅटिन शब्द योजला. इंग्रजीतील ‘साइन’ तो हाच. ‘शून्य’ या अर्थाचा अरबी ‘सिफ्र’ पीसाच्या लेओनार्दोच्या १२०२ मधील गणितग्रंथात ‘झेफिरुम’ या रूपाने येतो व त्यातून ‘झीरो’ सिद्ध होतो.

या भाषेच्या अभ्यासाचा आरंभ तिच्या निंदकांपासून झाला, असे म्हटले तरी चालेल. लोरेन्त्सो व्हाल्ला (१४०७–५७) याने सम्राट कॉन्स्टंटीनच्या नावावरील दानपत्र बनावट असल्याचे १४४० मध्ये दाखविले, ते प्रामुख्याने भाषेच्या आधारे. रोमन दरबारात ‘सत्रप’ कोठून आले, असा त्याचा एक आक्षेप होता. पण भाषा केवळ दोषांसाठी तपासण्याऐवजी अर्थासाठी वाचली ती द्यू कांझ (१६१०–८८) याने. त्याच्या तीन खंडांच्या कोशात (१६७८) शब्दांबरोबर प्रथा, कर, पदे व कायदे यांचीही माहिती असल्याने तो आजही वापरावा लागतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील मोन्युमेंटा (स्थापना १८१९) या संस्थेने ऐतिहासिक साधने संपादून अभ्यासाला चिकित्सक संहिता पुरविल्या. म्यूनिक येथे १९०२ मध्ये लूटव्हिख ट्राउबे (१८६१–१९०७) याची या विषयाच्या अध्यासनावर नेमणूक झाल्यावर त्याला विद्यापीठीय प्रतिष्ठा लाभली. हस्तलिखितातील लिपी व संक्षेप हे संस्कृतीच्या इतिहासाचे साधन आहे, ही त्याची दृष्टी. स्वीडनमध्ये आइनर लोफस्टेट व डाग नॉरबेरी यांनी वाक्यरचना आणि आघातप्रधान पद्यरचना यांवर मूलगामी काम केले.

द्यू कांझच्या कोशाची जागा घेईल असा नवा कोश रचण्याचा आंतरराष्ट्रीय संकल्प १९२० मध्ये झाला. प्रत्यक्षात काम देशोदेशी विभागले गेले. ब्रिटिश साधनांवरील कोशाची सूचना १९१३ ची; त्याचा पहिला भाग १९७५ मध्ये व अखेरचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘एल्’ या अक्षरापासून सुरू केलेला आंतरराष्ट्रीय कोश (१९५७ पासून) आणि म्यूनिकचा कोश (१९५९ पासून) हे दोन्ही अद्याप अपूर्ण आहेत.