पथ्यपाणी : बडोद्याच्या मराठी घरांतली एक रीत

पथ्यपाणी म्हणजे आजारी माणसाच्या पोटाला झेपेल असे अन्न शिजवणे, ते वेळेवर त्याच्यापुढे ठेवणे आणि न झेपणारे त्याच्या ताटापासून दूर राखणे. पथ्य वैद्य सांगे, पाणी घर करी. औषधाच्या पुड्या संपत, पण पथ्य चुलीपाशी रोज नव्याने करावे लागे, आणि ते करणारी बहुधा एकच व्यक्ती असे. बडोद्याच्या मराठी घरांत ही रीत कशी रुजली, कोणाच्या जिवावर चालली आणि पोटाच्या जुनाट विकारांची नवी नावे कळल्यावर तिच्यात काय पालटले, हा शहराच्या इतिहासाचाच एक भाग आहे. दफ्तरांत त्याची नोंद कमी सापडते, स्वयंपाकघरात जास्त.

पिलाजीराव गायकवाडांच्या पुढाकाराने अठराव्या शतकाच्या पहिल्या चरणात गुजरातेत मराठ्यांचा अंमल रुजू लागला आणि १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले. त्यांच्यामागून शिलेदार, कारकून, भिक्षुक, वैद्य अशी कुटुंबे आली. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांत त्यांचे वाडे उभे राहिले. घाटावरून आलेल्यांची भाकरी आणि कोकणातून आलेल्यांचा भात यांत अंतर होते, पण दुखण्यात दोघांचे एकमत होते. पोट बिघडले की तांदूळ आणि मूग.

या दोन धान्यांची एक उतरंडच होती. शार्ङ्गधरसंहितेत तांदळाच्या १४ पट पाण्यात मंड, ६ पट पाण्यात यवागू आणि ४ पट पाण्यात विलेपी असे माप दिले आहे. मराठी घरात ग्रंथाचे नाव कोणी घेत नसे, पण माप हाताला ठाऊक असे. लंघनानंतर आधी पेजेची निवळ, मग पेज, मग मुगाचे कढण, मग मुगाची डाळ घालून आटवल, मग गुरगुट्या भातावर तूप-मेतकूट. पोळी पुन्हा ताटात आली की ‘पथ्य सुटले’.

पेज करायची म्हणजे तांदळाच्या कण्या कोरड्याच भाजून घ्यायच्या, कारण भाजलेले धान्य हलके होते असा समज पक्का होता. कल्हई केलेले लहान पातेले चुलीच्या मुख्य तोंडावर न ठेवता वैलावर, मंद आचेवर ठेवायचे. कण्या फुटून पाणी दुधाळ झाले की वरची निवळ फडक्यातून गाळायची. तीत सैंधव आणि सुंठेची चिमूट. कल्हईचा आग्रह उगाच नव्हता. उघड्या पितळेत ताक कळकते, आणि कळकलेले ताक बऱ्या माणसालाही बाधते, तिथे आजाऱ्याचे काय! घरच्या सगळ्यांचा स्वयंपाक एकीकडे उरकत असताना हे एक पातेले सांभाळण्यात सकाळ जाई.

ही सारी उतरंड संपणाऱ्या आजारासाठी रचलेली होती. ताप उतरतो, जुलाब थांबतात, माणूस पायऱ्या चढत पोळीपर्यंत पोचतो. पोटाचे जुने दुखणे या हिशेबात बसत नाही. आयुर्वेदाला तेही ठाऊक होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात ग्रहणीवर स्वतंत्र अध्याय आहे आणि तिथे ताकाची महती सविस्तर सांगितली आहे. संग्रहणीच्या रोग्याला पर्पटी नावाचे औषध देऊन कित्येक आठवडे नुसत्या ताकावर किंवा दुधावर ठेवण्याचे कल्प वैद्य करीत. ताकाचा आग्रह आजच्या ज्ञानालाही काहीसा पटतो. दूध विरजले की त्यातली दुग्धशर्करा कमी होते आणि ज्यांना ती पचत नाही अशांपैकी पुष्कळांना ताक चालते. दुधाचा कल्प मात्र त्याच रोग्यांना सोसला नसेल.

जुने दुखणे पतीचे असले तर वाट ठरलेली असे. पत्नी पथ्य करी, त्याला जेवू घाली, मग स्वतः जेवे. याला सेवा म्हणत, त्यामुळे त्यातले कौशल्य कोणाच्या डोळ्यांत भरत नसे. कोणती डाळ किती तास भिजवली तर गुबारा धरत नाही, कोणत्या भाजीने रात्री पोट दुखते, हिंग फोडणीत किती आणि ताकात किती, हे सगळे ती एका माणसाच्या पोटावरून वर्षानुवर्षे शिकलेली असे. हे ज्ञान तिच्याबरोबरच संपे. दुखणे पत्नीचे असले तर गोष्ट वेगळी. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आजारी पत्नी असताना दुसरी करण्याची मुभा पतीला आहे. ती सुशील असेल तर तिची संमती घ्यावी आणि तिचा अवमान करू नये, एवढी अट पुढे आहे. पतीच्या दुखण्याला तोडीस तोड अशी मुभा पत्नीला नाही. हिंदू पुरुषाच्या दुसऱ्या लग्नाला देशभर बंदी झाली ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने. तोवर सासरी अंथरूण धरलेल्या सुनेला बहुधा माहेरचाच आधार असे, आणि अंथरूण न धरता नुसतेच पोट दुखणारी सून सर्वांच्या मागून, उरलेसुरले, उपासतापास सांभाळून जेवत राही. पथ्यपाण्याच्या रीतीतला हा मोठा अन्याय होता, आणि तो रीतीच्या नावाखाली झाकला गेला.

१८८१ मध्ये सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभार आला आणि बडोद्याच्या पोटाचा प्रश्न घराबाहेरूनही हाताळला जाऊ लागला. शहर विहिरी-तलावांच्या पाण्यावर होते. आव, अतिसार आणि त्यामागून येणारी दीर्घ संग्रहणी यांचे मूळ पुष्कळदा त्या पाण्यातच असे. आजवा येथे सयाजी सरोवर बांधून १८९० च्या दशकात नळाने पाणी शहरात आले. सयाजीरावांच्या सुधारणांमध्ये शाळा आणि ग्रंथालये आधी आठवतात, पण घरोघरच्या पथ्याच्या पातेल्यावरचा भार कमी करणारी सुधारणा ही होती. त्याच काळात सरकारी इस्पितळ उभे राहिले आणि त्याच्याबरोबर इस्पितळी पथ्य आले. तवकिराच्या जागी अरारूट, पेजेच्या जोडीला साबुदाण्याची खीर आणि बार्लीचे पाणी. घरांनी हे तीनही स्वीकारले. त्यांतले बार्लीचे पाणी काही पोटांना विषासारखे होते, हे कळायला पुढे अर्धे शतक जावे लागले.

पथ्याचे ज्ञान चुलीपासून वर्गापर्यंत नेण्याचे काम बडोद्यात ज्या धाग्याने झाले त्याचे एक टोक महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्याकडे जाते. १८८७ मध्ये प्रकृतीसाठी सयाजीराव प्रथम युरोपला गेले तेव्हा त्या बरोबर होत्या. जानेवारी १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा होत्या. या परिषदेच्याच प्रयत्नांतून १९३२ मध्ये दिल्लीला लेडी अर्विन कॉलेज निघाले आणि गृहविज्ञान हा शिकण्याचा विषय झाला. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. त्याच्या कुलगुरू हंसा मेहता याही परिषदेतल्या अग्रणी. त्यांचे पती जीवराज मेहता डॉक्टर आणि बडोदे संस्थानाचे अखेरचे दिवाण. विद्यापीठाच्या आरंभीच्या वर्षांतच गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली आणि आहारशास्त्र तिचा कणा झाला.

याच विद्यापीठात आर. राजलक्ष्मी यांनी पोषणावर दीर्घकाळ काम केले. त्यांचे पती सी. व्ही. रामकृष्णन तिथेच जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. परदेशी पाठ्यपुस्तकांतले लोणी-अंडी-मांसाचे आहारतक्ते इथल्या घरांना उपयोगाचे नाहीत हे ओळखून राजलक्ष्मींनी स्थानिक धान्ये, डाळी आणि भाज्यांवर आधारलेला आहार मांडला. ‘अप्लाइड न्यूट्रिशन’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध आहे. इडली आणि खमण आंबवल्याने त्यांच्या पोषणमूल्यात काय फरक पडतो याचा त्यांचा अभ्यास १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पिठे आंबवणाऱ्या बायकांचा अनुभव असा प्रयोगशाळेत तपासला जाणे ही साधी गोष्ट नव्हती.

विद्यापीठ नवे असतानाच हॉलंडमध्ये विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाने सीलिअॅक या आतड्याच्या जुनाट रोगाचे कोडे सोडवले. गहू वगळला की मुले सुधारतात, गहू दिला की पुन्हा खंगतात, हे त्याने १९५० च्या प्रबंधात मांडले. दोष गव्हातल्या ग्लुटेनचा निघाला. राय आणि बार्ली ही गव्हाची भावंडेही त्यात आली. भारतात १९६६ मध्ये उत्तरेकडील मुलांमधल्या या रोगाचा अभ्यास छापून आला. दुग्धशर्करा न पचण्याचे शास्त्रही त्याच दशकात स्पष्ट झाले. गहू, कांदा, लसूण, हरभरा यांतल्या आंबणाऱ्या शर्करांनी संवेदनशील आतड्यात वायू धरतो, हे ऑस्ट्रेलियातल्या गिब्सन आणि शेफर्ड यांनी २००५ मध्ये ‘फॉडमॅप’ या नावाखाली एकत्र मांडले.

या ज्ञानाने पथ्याचा अर्थच पालटला. आता ते सुटणारे नव्हते. सीलिअॅकच्या रोग्याला गहू जन्मभर वर्ज्य, अगदी चिमूटभरही. जुन्या उतरंडीकडे या नजरेने पाहिले की एक गोष्ट खटकते. मराठी आजाऱ्याचे सर्वांत विश्वासाचे अन्न मेतकूट-भात, आणि पारंपरिक मेतकुटात हरभऱ्याची व उडदाची डाळ, तांदूळ, धने, जिरे, सुंठ यांबरोबर मूठभर गहू भाजून घालतात. दुसरा विश्वासू हिंग. बाजारातला बांधणी हिंग हा शुद्ध डिंक नसतो. त्याची तीव्रता कमी करण्यासाठी त्यात मैदा किंवा बाभळीचा डिंक मिसळलेला असतो. आजारी पतीला वर्षानुवर्षे मेतकूट-भात आणि हिंगाचे ताक निष्ठेने देणाऱ्या एखाद्या स्त्रीच्या हातूनच त्याचे दुखणे जागे राहिले असेल. तिचा त्यात काही दोष नाही. उपाय अवघड नाही. घरच्या मेतकुटात गव्हाऐवजी तांदूळ वाढवला तर चव फारशी बिघडत नाही, आणि तांदळाच्या पिठात किंवा डिंकात बांधलेला हिंग मिळतो. पाकिटावरचे घटक वाचणे हा मात्र पथ्यपाण्याचा नवा भाग झाला.

या बाबतीत बडोद्याच्या मराठी घरांना शेजाराने मोठा हात दिला. गुजराती खिचू म्हणजे मराठी उकडीचे सख्खे भावंड, दोन्ही तांदळाच्या पिठाचे. बाजरीचा रोटला, डाळ-तांदळाचा हांडवा, बेसनाची खांडवी (मराठी घरातली सुरळीची वडी) यांत गव्हाची गरजच नाही. रवा किंवा कणीक कोणी मिसळली नसल्याची खात्री तेवढी करावी लागते. जैन आणि स्वामीनारायण घरांत कांदा-लसणाशिवाय रोजचा स्वयंपाक रुचकर करण्याची कला पिढ्यान्पिढ्या मुरलेली आहे, आणि मराठी चातुर्मासाने तीच थोडी राखली आहे. कांदा-लसूण न सोसणाऱ्या पोटासाठी इतकी तयार पाककला आणखी कुठे मिळेल? सेव-उसळीच्या गाडीवर मात्र वाटाणा, कांदा आणि पाव हे तिघेही एकत्र भेटतात. शहराच्या या लाडक्या खाण्यापासून दूर राहणे हे बडोदेकर रोग्याचे सर्वांत कडू पथ्य असते.

वाडे मोडून सदनिका आल्या आणि पथ्य एकट्या सुनेचे उरले नाही. पती-पत्नी दोघेच घरात, दोघेही नोकरीला, अशा संसारात पत्नीला गहू चालत नसेल तर भाकरी थापायला पतीला शिकावेच लागते. घरात दोन तवे होतात, एक पोळीचा आणि एक भाकरीचा. लाकडी पोळपाट-लाटणेही वेगळे, कारण लाकडाच्या भेगांत कणीक राहते. खरी अडचण गिरणीची. कोपऱ्यावरच्या चक्कीत गव्हामागून ज्वारी पडली की जात्यात उरलेले गव्हाचे पीठ ज्वारीत उतरते. म्हणून गुजरातेत घरोघर दिसणारी घरघंटी अशा घरात चैनीची वस्तू राहत नाही. तिच्यात गहू कधीच घालत नाहीत. ज्वारी, बाजरी, तांदूळ एवढेच दळतात, आणि गव्हाचे पीठ बाहेरून आणून झाकणाच्या डब्यात, खालच्या फळीवर ठेवतात, म्हणजे उडाले तरी वरच्या पिठांवर बसत नाही.