वार्तापत्र पोहोचते, पण उघडले जाते का?

ग्रंथालये, नाट्यसंस्था, लहान प्रकाशक आणि परदेशांतील महाराष्ट्र मंडळे यांपैकी अनेकांनी छापील पत्रकाऐवजी ई-मेल वार्तापत्राचा मार्ग धरला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. टपालखर्च वाचला, पत्र वाचले गेले की नाही, ही चिंता मात्र कायम राहिली. या चिंतेचे मोजमाप म्हणजे ‘ओपन रेट’, अर्थात पोहोचलेल्या दर शंभर पत्रांपैकी किती उघडली गेली याचे प्रमाण. ते घसरू लागले की प्रथम विषयाच्या ओळीला दोष दिला जातो. बहुधा दोष तिचा नसतो.

हा आकडा मिळतो कसा, हे आधी समजून घ्यायला हवे. पत्रात बिंदूएवढे पारदर्शक चित्र दडवलेले असते. पत्र उघडताच ते प्रेषकाच्या सर्व्हरवरून मागवले जाते आणि त्या मागणीचीच ‘पत्र उघडले’ अशी नोंद होते. चित्रे बंद ठेवून वाचणारा या हिशेबात येतच नाही. उलट, सप्टेंबर २०२१मध्ये ॲपलने आयओएस १५ बरोबर ‘मेल प्रायव्हसी प्रोटेक्शन’ ही सोय दिली. ती स्वीकारलेल्या वाचकाने पत्र उघडले नाही, तरी त्याचे ॲपल मेल पत्रातील चित्रे परस्पर उतरवून घेते. म्हणजे एकीकडे न वाचणारे वाचक ठरतात, तर दुसरीकडे वाचणारे गैरहजर लागतात. अशा फुगलेल्या आकड्यातही घट दिसत असेल, तर खरी घसरण त्याहून मोठी असण्याचा संभव आहे. पत्रातील दुव्यांवर किती जणांनी टिचकी मारली आणि कितींनी उत्तर पाठवले, हे त्यापेक्षा अधिक भरवशाचे.

घसरणीचे पहिले कारण तपासावे ते असे, की पत्र मुळात इनबॉक्समध्ये पडते का? फेब्रुवारी २०२४पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने पत्रे पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५ हजारांहून अधिक पत्रे धाडणाऱ्यास एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही व्यवस्था कराव्या लागतात. पहिलीने कोणत्या सर्व्हरला त्या नावाने पत्र पाठवण्याची मुभा आहे ते कळते, दुसरी पत्रावर मोहोर उमटवते आणि या तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे ते तिसरी सांगते. यादी लहान असली तरी ही तजवीज करून ठेवणे श्रेयस्कर. अनेक संस्था आजही चिटणीसांच्या फुकट मिळालेल्या खासगी पत्त्याच्या नावाने, पण त्रयस्थ सेवेमार्फत पत्रे पाठवतात. याहूने एप्रिल २०१४मध्येच आपल्या पत्त्यांच्या बाबतीत अशी पत्रे नाकारण्याचे धोरण जाहीर केले होते. संस्थेच्या स्वतःच्या डोमेनचा वार्षिक खर्च त्यामानाने किरकोळ आहे.

दुसरे आणि अधिक नाजूक कारण म्हणजे पत्त्यांची यादी. कार्यक्रमाच्या प्रवेशद्वाराशी ठेवलेल्या वहीतून उतरवलेले, अर्धे चुकीचे वाचलेले पत्ते. नोकरी बदललेल्यांचे कचेरीतले पत्ते. कोणाच्या तरी संग्रहातून उसने घेतलेले पत्ते. यादी अशी वाढते आणि तिच्या लांबीचा अभिमानही वाढतो. दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्यास गूगलने डिसेंबर २०२३पासून सुरुवात केली. तिकडे गेलेली पत्रे परत येतात आणि प्रेषकाची पत कमी करतात. काही बेवारस पत्ते तर निष्काळजी प्रेषक पकडण्यासाठी सापळा म्हणूनच चालू ठेवलेले असतात.

समजा, ५ हजारांच्या यादीत ७०० जण पत्र उघडतात. प्रमाण १४ टक्के. त्यातील २ हजार निर्जीव पत्ते काढले, की तेच ७०० जण २३ टक्क्यांहून अधिक होतात. हा केवळ भागाकार आहे, एकही वाचक वाढलेला नाही, हे विसरू नये. खरा लाभ पुढे होतो: परत येणारी पत्रे घटतात, पत सुधारते आणि आजवर स्पॅममध्ये जाणारी पत्रे इनबॉक्समध्ये दिसू लागतात. मात्र चित्रे बंद ठेवणारा निष्ठावान वाचक चुकून वगळला जाऊ नये, यासाठी काढण्यापूर्वी ‘पत्र पुढेही हवे का?’ असे विचारणारे एक छोटे पत्र पाठवावे.

ज्याला पत्र नको, त्याला सहज जाऊ द्यावे. जीमेलवरील ‘स्पॅम’ तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याखाली असावे, ०.३ टक्क्यापर्यंत पोहोचू नये, असे गूगल सांगते. म्हणजे हजारात तीन नाराज वाचक पुरेसे ठरतात. वर्गणी थांबवण्याचा दुवा तळाशी फिकट, बारीक अक्षरांत लपवणारा प्रेषक वाचकाला स्पॅमच्या बटणाकडेच ढकलत असतो.

यानंतर विषयाची ओळ. ‘वार्तापत्र क्र. ४७’ यातून कोणालाही काही कळत नाही. मोबाइलवर थोडीच अक्षरे दिसतात, म्हणून नेमकी बातमी आरंभीच यावी: कोणाचे व्याख्यान, कोणत्या वारी. त्या ओळीशेजारी पत्राचे पहिले शब्दही दिसतात. तेथे ‘पत्र नीट दिसत नसल्यास येथे टिचकी मारा’ असे येऊ देणे म्हणजे मोक्याची जागा वाया घालवणे.

मराठी वार्तापत्रांची एक अडचण मात्र वेगळी आहे. सुमारे १०२ किलोबाइटपेक्षा मोठे पत्र जीमेल मध्येच कापते. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला तीन. ‘क्षी’ हे एक अक्षर चार चिन्हांचे, म्हणजे १२ बाइटचे होते. त्यात वर्डमधून जसाच्या तसा चिकटवलेला मजकूर आपल्याबरोबर अदृश्य संकेतांचे ओझे आणतो. नोंद घेणारे ते पारदर्शक चित्र सहसा पत्राच्या अगदी शेवटी असते. पत्र कापले गेले, की ते आणि वर्गणी थांबवण्याचा दुवा दोन्ही दृष्टीआड जातात. मग वाचलेले पत्रही न उघडलेले मोजले जाते. संपूर्ण लेख पत्रातच देण्याऐवजी चार ओळींचा गोषवारा आणि पुढे दुवा दिल्यास पत्र या मर्यादेत सहज बसते.