पेनसिल्व्हेनिया मार्गावरील दोन दिवस

अमेरिकेच्या अध्यक्षाची निवडणूक नोव्हेंबरात होते. परंतु १९३३ पर्यंत नवा अध्यक्ष अधिकारावर येई तो मात्र ४ मार्चला. दूरदूरच्या प्रांतांतून घोड्यावर बसून राजधानी गाठावयाची, अशा काळात ठरलेला हा मुहूर्त आगगाड्या आल्यानंतरही कित्येक वर्षे तसाच चालू राहिला. पुढे राज्यघटनेत दुरुस्ती होऊन १९३७ पासून हा समारंभ २० जानेवारीला होऊ लागला. ४ मार्चला झालेल्या अशा अनेक सोहळ्यांत १९१३ चा सोहळा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे आणि त्याचे निम्मे कारण आदल्या दिवशी घडलेल्या प्रकारात आहे.

तो काळ सुधारणेचा होता. अमेरिकेत कारखाने भराभर वाढले होते, संपत्ती वाढली होती, आणि त्या संपत्तीची किंमत कोणी मोजली याचा हिशेब लोक आता मागू लागले होते. अप्टन सिंक्लेअर या लेखकाने शिकागोच्या मांसाच्या कारखान्यांवर कादंबरी लिहिली. त्याच वर्षी, म्हणजे १९०६ साली, अन्नशुद्धीचा कायदा झाला. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कच्या ट्रँगल कंपनीच्या कापड शिवण्याच्या कारखान्यास आग लागली आणि १४६ कामगार प्राणास मुकले. त्यांत बहुतेक परदेशांतून पोटासाठी आलेल्या तरुण मुली होत्या. बाहेर पडण्याचा एक दरवाजा कुलूपबंद होता. या बातमीने देशाची झोप उडविली.

अशा वातावरणात १९१२ ची निवडणूक झाली. रिपब्लिकन पक्ष दुभंगला होता. अध्यक्ष टाफ्ट एकीकडे, तर त्यांचेच पूर्वीचे स्नेही थिओडोर रूझवेल्ट नवा पक्ष काढून दुसरीकडे उभे होते. समाजवादी डेब्स यांनाही नऊ लाखांवर मते पडली. या भांडणाचा लाभ डेमोक्रॅटिक पक्षाचे वुड्रो विल्सन यांना मिळाला. जनतेची मते त्यांना शेकडा बेचाळीसच्या आतच मिळाली. पण निर्वाचक मते मिळाली ४३५. विल्सन हे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशकाचे चिरंजीव, व्यवसायाने प्राध्यापक, प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी प्रमुख आणि शेवटी न्यू जर्सीचे गव्हर्नर. जन्म व्हर्जिनियातला, म्हणजे दक्षिणेतला; आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली.

३ मार्च, सोमवार. त्या दिवशी वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया मार्गावरून स्त्रियांची एक मिरवणूक निघाली. मागणी एकच : मताधिकार. त्या वेळी केवळ नऊ घटक राज्यांत स्त्रियांना पूर्ण मताधिकार होता. अॅलिस पॉल या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणीने ही मिरवणूक मुद्दाम त्याच दिवशी आणि त्याच मार्गावर योजिली होती. पोलिसांनी दुसरा रस्ता सुचविला; तिने तो नाकारला. ज्या रस्त्याने दुसऱ्या दिवशी अध्यक्ष जाणार, त्याच रस्त्याने आज आम्ही जाणार, असा तो हट्ट होता. आणि तो रास्तच म्हटला पाहिजे.

अग्रभागी पांढऱ्या घोड्यावर पांढरा झगा घातलेली इनेझ मिलहॉलंड ही तरुण वकील, मागे नऊ वाद्यवृंद, वीसांहून अधिक चित्ररथ आणि सुमारे पाच हजार स्त्रिया. शिक्षिका, परिचारिका, शेतकरी स्त्रिया, कारखान्यांतल्या मजूर, विद्यापीठाच्या पदवीधर, अशा पथका-पथकांनी त्या चालल्या होत्या. उद्याच्या सोहळ्यासाठी शहरात जमलेले पुरुष वाटेत दुतर्फा उभे होते. थोड्याच वेळात त्यांनी बांधलेले दोर ओलांडले आणि ते रस्त्यावर घुसले. शिव्या, धक्के, थुंकणे, काय नव्हते? काही ठिकाणी वाट इतकी अरुंद झाली की एकामागे एक चालावे लागले. पुष्कळ पोलीस नुसते पाहत राहिले, काही हसत होते. अखेर युद्धमंत्री स्टिम्सन यांनी फोर्ट मायरहून घोडदळ पाठविले तेव्हा रस्ता मोकळा झाला. सुमारे शंभर जणांना इस्पितळात न्यावे लागले. पुढे सिनेटने चौकशी केली आणि राजधानीच्या पोलीसप्रमुखास जागा सोडावी लागली.

याच मिरवणुकीच्या पोटात दुसरी एक कहाणी होती. काळ्या स्त्रियांनी सर्वांत मागे चालावे, म्हणजे दक्षिणेकडील भगिनी रुसणार नाहीत, अशी काही संयोजिकांची इच्छा होती! शिकागोच्या आयडा वेल्स-बार्नेट यांनी ते ऐकले नाही. त्या बघ्यांच्या गर्दीत थांबल्या आणि इलिनॉय राज्याचे पथक समोर येताच त्यात शिरून गोऱ्या सहकाऱ्यांच्या बरोबरीने चालू लागल्या. जे स्वतः न्याय मागतात त्यांनाही दुसऱ्याला न्याय देताना जड का जावे?

त्याच दुपारी विल्सन आगगाडीने राजधानीत पोहोचले. स्वागताला गर्दी फार थोडी. लोक कोठे आहेत, अशी विचारणा झाली तेव्हा, ते स्त्रियांची मिरवणूक पाहावयास गेले आहेत, असे उत्तर मिळाल्याचे सांगतात.

दुसरा दिवस मंगळवार. टाफ्ट आणि विल्सन एकाच घोडागाडीतून कॅपिटॉलला गेले. पूर्वेकडील पायऱ्यांवर मंडप उभारला होता. शपथ दिली सरन्यायाधीश एडवर्ड व्हाइट यांनी. यादवी युद्धात ते दक्षिणेच्या सैन्यात लढले होते. बायबल स्तोत्रसंहितेच्या ११९ व्या स्तोत्रापाशी उघडलेले होते. मंडपासमोरची जागा पोलिसांनी मोकळी राखली होती. विल्सन यांनी ते पाहिले आणि लोकांना पुढे येऊ द्या, असे सांगितले. लोक पुढे आले.

भाषण लहानच होते. देशाने पुष्कळ मिळविले, पण ते मिळविताना माणसांची, बायकांची, मुलांची जी होरपळ झाली तिचा हिशेब आपण ठेवला नाही, हे त्याचे सार. जकातीचे दर, बँका आणि चलन, मजूर, शेती, जंगले यांचा त्यांनी क्रमाने उल्लेख केला. आजचा दिवस विजयाचा नव्हे, समर्पणाचा आहे, असा समारोप केला. धर्मोपदेशकाचा मुलगा बोलत होता हे उघड आहे. रात्रीचा नाचसमारंभ त्यांनी आधीच बंद करविला होता. मात्र आदल्या दिवशी त्याच रस्त्यावर जे झाले त्याविषयी भाषणात एक शब्द नव्हता. काळ्या नागरिकांविषयीही नव्हता.

बोललेले त्यांनी बऱ्याच अंशी करून दाखविले. ऑक्टोबर १९१३ मध्ये जकात उतरली, २३ डिसेंबरला मध्यवर्ती बँकव्यवस्थेचा कायदा झाला, १९१४ मध्ये मक्तेदारीला आळा घालणारा. बालमजुरीविरुद्ध १९१६ चा कायदाही झाला, पण तो १९१८ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविला. न बोललेल्याचे काय? १९१३ च्याच एप्रिलात मंत्रिमंडळात काळ्या नोकरांना वेगळे बसविण्याची गोष्ट निघाली. टपाल आणि खजिना खात्यांत पडदे आणि आडभिंती उभ्या राहू लागल्या. ड्यू बॉयस यांच्यासारख्या विद्वानाने निवडणुकीत विल्सन यांचा पुरस्कार केला होता. त्यांची घोर निराशा झाली. नोव्हेंबर १९१४ मध्ये विल्यम मन्रो ट्रॉटर याविषयी गाऱ्हाणे घेऊन गेले, तेव्हा त्यांच्या बोलण्याची रीत आवडली नाही म्हणून अध्यक्षांनी त्यांना निरोप दिला.

याच अमेरिकेत, जुलै १९१३ मध्ये, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण न्यूयॉर्कला उतरला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. कोलंबिया विद्यापीठात तो तीन वर्षे शिकला, तो विल्सन यांच्याच कारकिर्दीत. माणसांना वेगळे बसविण्याची रीत त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

स्त्रियांनी मात्र पिच्छा सोडला नाही. जानेवारी १९१७ पासून त्या अध्यक्षांच्या निवासाच्या फाटकापाशी फलक घेऊन मुक्याने उभ्या राहू लागल्या. तुरुंगात गेल्या, अन्न नाकारले, नळीने घातलेले सोसले. पांढऱ्या घोड्यावरची इनेझ तो दिवस पाहावयास उरली नव्हती. १९१६ च्या नोव्हेंबरात, ऐन तिशीत, ती वारली होती. विल्सन यांचे मत सावकाश बदलत गेले. सप्टेंबर १९१८ मध्ये त्यांनी स्वतः सिनेटपुढे जाऊन स्त्रियांच्या मताधिकारासाठी शब्द टाकला. तेव्हाही सिनेटने तो मानला नाही. १८ ऑगस्ट १९२० रोजी टेनेसी राज्याच्या संमतीने दुरुस्ती पुरी झाली.

४ मार्च १९२१ रोजी विल्सन पुन्हा त्या मार्गावरून गेले, या वेळी मोटारीतून, नवे अध्यक्ष हार्डिंग यांच्या शेजारी बसून. पक्षाघाताने शरीर खचले होते. पायऱ्या चढणे अशक्य म्हणून त्यांना कॅपिटॉलच्या खालच्या दाराने आत नेले. शेवटच्या काही कागदांवर सह्या करून, शपथविधीला न थांबता ते परतले. बाहेर जमलेल्या गर्दीत या वेळी त्या अध्यक्षाला मत दिलेल्या स्त्रियाही होत्या. सरकारी कचेऱ्यांतल्या आडभिंती मात्र अजून उभ्या होत्या.