शाळेच्या वेतनावर लिहिलेले अग्रलेख

या शाळेतील एका दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ, वैचारिक लेखनास नुकताच आरंभ केलेल्या तरुण पत्रकारांसाठी एक अभ्यासवृत्ती ठेवावी, असे संचालक मंडळाने योजिले आहे. आणि त्यानिमित्त चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. बातमी आणणाऱ्यास वृत्तपत्र वेतन देते. परंतु स्वतःचे मत मांडू पाहणाऱ्या पंचविशीतल्या मुलास कोणी आणि का पोसावे, असा प्रश्न येथील काही पालकांनी मला विचारला. शिवाय, हे काम शाळेचे कसे? त्याचे उत्तर मला इतिहासातच सापडते. मराठीतील, आणि आपल्या या जुन्या मध्यप्रांतातील हिंदीतीलही, मतप्रधान पत्रकारिता आरंभी पुष्कळ अंशी शिक्षकाच्या वेतनावर जगली आहे.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढले, ते विशीच्या आसपास असताना. पुढे ते एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली, ती सरकारी शाळेत शिकवीत असताना. पुण्याहून रत्नागिरीस बदली झाल्यावर काही काळाने, १८७९ मध्ये, त्यांनी ती नोकरी सोडली. जानेवारी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि ‘केसरी’ त्यानंतर एका वर्षाने. शाळा आधी आणि वृत्तपत्र नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

त्या मंडळींतील आगरकर तर आपल्या शेजारच्या वऱ्हाडाशी, अकोल्याशी, विद्यार्थिदशेपासून बांधलेले. वृत्तपत्रांतून लिहून, वक्तृत्वाची बक्षिसे मिळवून आणि शिष्यवृत्तीच्या आधारावर त्यांनी पदवीपर्यंतचा मार्ग काढला. ‘केसरी’चे संपादकत्व हाती आले तेव्हा त्यांना पंचविसावे वर्ष चालू होते, पुढल्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळकांसमवेत डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. तथापि माझ्या विषयाच्या दृष्टीने तुरुंगाहूनही महत्त्वाचा प्रसंग १८८७ चा आहे. सामाजिक सुधारणेसंबंधी आपल्या मनास येईल ते ‘केसरी’त लिहिता येत नाही असे दिसताच आगरकर त्या पत्रातून बाहेर पडले आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढले. संपादकपद सोडल्याने घरची चूल विझली नाही, कारण ते फर्ग्युसन महाविद्यालयात अध्यापक होते. वेतन बेताचे होते खरे. पण ते अग्रलेखावर अवलंबून नव्हते. १८९५ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले तेव्हा ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य होते.

आता याच्या उलट उदाहरण. माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे झाला. घरची भाषा मराठी, लेखणी हिंदी. पेंड्रा येथे राजकुमारास शिकविण्याची नोकरी धरून त्यांनी जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक काढले. तीन वर्षांत ते बंद पडले. पण त्यात कोणाची मिंधेगिरी नव्हती. १३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरात त्यांनी ‘हिंदी केसरी’ सुरू केला, तेव्हा मात्र पाठीशी असे कोणतेच वेतन उरले नव्हते. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि ऑगस्टमध्ये सप्रे राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले. घरचा भार थोरल्या बंधूंवर होता. त्यांच्या निकराच्या आग्रहापुढे सप्रे नमले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. नोव्हेंबरमध्ये माफीनामा देऊन ते सुटले.

सुटका झाली, पण मन सुटले नाही. ते रामदासी मार्गाकडे वळले आणि काही काळ मधुकरी मागून राहिले. ‘दासबोधा’चा आणि पुढे ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद त्यांनी केला; हे दोन्ही ग्रंथ आज हिंदी वाचक त्यांच्या शब्दांत वाचतो. त्या माफीची चर्चा आपल्याकडे एका माणसाच्या धैर्याची परीक्षा म्हणून होते. मला ती फार अपुरी वाटते. ज्या वाचकांनी ‘हिंदी केसरी’ आवडीने वाचला, त्यांतील कितीजणांनी त्या तीन महिन्यांत संपादकाच्या घरी शिधा पोहोचविण्याचा विचार केला असेल?

सप्रे पुन्हा उभे राहिले ते दुसऱ्याला उभे करण्यासाठी, आणि हा भाग आपल्या अगदी दारातला आहे. येथून सत्तरएक किलोमीटरवर, खांडव्यास, माखनलाल चतुर्वेदी शाळामास्तर होते. १९१३ मध्ये तेथून ‘प्रभा’ मासिक निघाले आणि त्याच्या संपादनासाठी त्यांनी शाळा सोडली. १९२० साली जबलपुरास ‘कर्मवीर’ निघाला, त्यामागे सप्रे होते आणि संपादकाच्या खुर्चीवर चतुर्वेदी. पुढल्या वर्षी चतुर्वेदीही राजद्रोहाखाली तुरुंगात गेले. १९२५ पासून ‘कर्मवीर’ खांडव्याहून निघू लागला. बुऱ्हाणपूर त्या काळी त्याच निमाड जिल्ह्यात होते. २००३ मध्ये आपला जिल्हा वेगळा झाला म्हणून हा वारसा वेगळा होत नाही.

स्मृतिनिमित्त अशी वृत्ती ठेवण्याची रीत परदेशातही आहे. ‘मिलवॉकी जर्नल’चे संस्थापक ल्यूशिअस नीमन यांच्या पत्नीने त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या देणगीतून हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून पत्रकारांना वर्षभर अभ्यासाची सवड दिली जाते. आपली रक्कम तिच्यापुढे चिमूटभर असेल.

एक गोष्ट स्वतःची सांगतो. १९७५ च्या जुलैमध्ये मी एका महाविद्यालयात अस्थायी अधिव्याख्याता होतो. आणीबाणीवरील माझा लेख एका साप्ताहिकाकडे गेला होता. मला कोणी धमकावले नाही. फक्त माझ्या कायम होण्याच्या कागदाची चौकशी कोणीतरी आपुलकीने केली. मी लेख परत मागविला. पुढे कायम झालो, पीएच.डी. झाली, निवृत्तिवेतनही मिळते आहे. तो लेख अद्याप माझ्या कपाटात आहे. म्हणून सप्र्यांच्या माफीवर बोलताना माझा आवाज चढत नाही.

संचालक मंडळाने अभ्यासवृत्तीचा मसुदा मला वाचावयास दिला. मुदत एक वर्ष, शाळेचे ग्रंथालय खुले, भाषा मराठी किंवा हिंदी, हे सारे योग्यच आहे. सातव्या कलमात मात्र प्रत्येक लेख प्रसिद्धीपूर्वी मंडळास दाखवावा असे म्हटले आहे. ते कलम गाळावे, आणि लेखामुळे लेखकाची नोकरी गेली अथवा त्याच्यावर खटला झाला तर वृत्ती आणखी एक वर्ष चालू राहील, असे तेथे घालावे. तशी दुरुस्ती पेन्सिलीने करून मसुदा मी आज सकाळीच मुख्याध्यापकांच्या स्वाधीन केला आहे.