नोकरीला चिकटणे आणि नोकरी बदलणे : के. आर. पुरमचे उदाहरण

'मुलगा नोकरीला चिकटला' हे वाक्य मराठी घरांत कौतुकाने म्हटले जाते, तर सतत नोकरी बदलणाऱ्याबद्दल 'एका जागी टिकत नाही' असे बोलले जाते. ही मते कोणत्या परिस्थितीतून आली, हे या टिपणात पाहू. त्यासाठी बेंगळुरूच्या पूर्वेकडील के. आर. पुरमचे उदाहरण घेऊ.

कायम नोकरीचा काळ

कायम नोकरी पूर्वी दुर्मीळ होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत 'बदली' कामगार रोज दारावर उभा राही. कोणी गैरहजर असेल तरच त्याला त्या दिवसाची मजुरी मिळे. या पार्श्वभूमीवर १९४८ मध्ये के. आर. पुरमलगत इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज (आयटीआय) हा सरकारी कारखाना सुरू झाला. तेथील वसाहतीचे नाव दूरवाणीनगर. कन्नडमध्ये 'दूरवाणी' म्हणजे टेलिफोन. नोकरीबरोबर घर, शाळा व दवाखानाही मिळू लागला. साहजिकच नोकरी सोडणे म्हणजे हे सारे सोडणे होते.

कायदेही याच धाटणीचे झाले. १९७२ च्या उपदान (ग्रॅच्युइटी) कायद्याने एकाच मालकाकडे सलग पाच वर्षे सेवा ही सर्वसाधारण अट घातली.

टिकण्यातला धोका

पण टिकून राहणे नेहमीच सुरक्षित नव्हते. आयटीआयने सुरुवातीला यांत्रिक स्ट्रोजर एक्स्चेंज बनवली. १९८० च्या दशकात इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज आली आणि जुन्या यंत्रांवर मुरलेल्या हातांच्या कौशल्याचे मोल घटले. १९९१ नंतर दूरसंचार उपकरणांची बाजारपेठ खुली झाली आणि कारखान्यात स्वेच्छानिवृत्ती योजना आल्या. ज्यांनी एकच काम आयुष्यभर केले, त्यांना बाहेर तसे काम मिळणे कठीण होते.

बदलाचा काळ

१९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बेंगळुरूत केंद्र उघडले. १९९० च्या दशकात के. आर. पुरमच्या पुढे व्हाइटफील्डला भारत-सिंगापूर सहकार्यातून टेक पार्क उभे राहिले. मार्च २०२३ मध्ये के. आर. पुरम ते व्हाइटफील्ड मेट्रो सुरू झाली. संगणक-भाषेचे ज्ञान एका कंपनीपुरते नसते, ते कर्मचाऱ्याबरोबर जाते. त्यामुळे नोकरी बदलणे हा पगारवाढीचा नेहमीचा मार्ग झाला.

याची किंमत कोणती?

एक हिशोब करून पाहा. एकाच ठिकाणी १२ वर्षे काम केलेल्याला दर वर्षामागे १५ दिवस, म्हणजे १८० दिवसांच्या वेतनाएवढे उपदान मिळते. कायद्यात महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून ही रक्कम सुमारे सात महिन्यांच्या मूळ वेतन व महागाई भत्त्याइतकी होते. तीन-तीन वर्षांच्या चार नोकऱ्या केलेल्या कायम कर्मचाऱ्याला मात्र पाच वर्षांच्या अटीमुळे कायद्याने काहीच मिळत नाही. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्यांसाठी ही अट शिथिल केली आहे.

भविष्य निर्वाह निधीचे तसे नाही. २०१४ पासून सार्वत्रिक खाते क्रमांकामुळे तो नव्या नोकरीत नेता येतो. मात्र नोकरी बदलताना निधी आणि निवृत्तिवेतनाची रक्कम काढून घेतली, तर सेवेची साखळी तुटते. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते, हे लक्षात ठेवा.

दुसरी किंमत पैशांत मोजता येत नाही. आपण घेतलेल्या निर्णयाचे परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतात. त्याआधीच निघून जाणारा काम सुरू करायला शिकतो, पण ते निभावायला शिकत नाही.

निष्कर्ष

दूरवाणीनगरच्या पिढीची सुरक्षितता कंपनीत साठलेली होती, व्हाइटफील्डच्या पिढीची कौशल्यात आहे. म्हणून नोकरी बदलणे हा स्वभावदोष नाही आणि टिकणे हा आपोआप गुणही नाही. नोकरी सोडताना दोन प्रश्न विचारा: इथून कोणते कौशल्य मी बरोबर नेत आहे? आणि कोणता हक्क मागे ठेवून जात आहे?

स्वाध्याय : तुमच्या घरातील दोन पिढ्यांच्या नोकऱ्यांची यादी करा आणि प्रत्येक बदलात काय मिळाले व काय गेले ते लिहा.