इंदूर–पुणे: सव्वा तास
मंडळी, परवा नात इंदूरहून विमानाने पुण्याला गेली. हवाई अंतर साधारण 500 किलोमीटर, वेळ जेमतेम सव्वा तास!

1973 साली मामा गंभीर असल्याची तार आली, तेव्हा मीटरगेजने घाट उतरून, नर्मदा ओलांडून खंडवा. तिथं गाडी बदलायची. आई रात्रभर फलाटावर वळकटीवर बसून. पुण्यात पोचलो तर सगळं उरकलेलं.

तरी खंडवा लाइनला ती नावं ठेवू द्यायची नाही. ही लाइन व्हावी म्हणून दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रजांना एक कोटी कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के, मुदत 101 वर्षं! आमच्या बँकेत असा अर्जदार आला असता तर चहा पाजून वाटेला लावला असता.

आई म्हणायची, "लाइन नसती तर तेराव्यालाही पोचलो नसतो."