रब्बीत हायब्रीड ज्वारीचं कणीस पोकळ का राहतं?

खरिपात हायब्रीड ज्वारीने एकेकाळी मैदान मारलं. पण मंगळवेढा, मोहोळ, बार्शीच्या काळ्या रानात रब्बीला आजही मालदांडीच्या जातकुळीचीच ज्वारी चालते. शेतकरी जुन्याला चिकटून बसलाय असं म्हणणं सोपं आहे. मोठं कारण ज्वारीच्या फुलात आहे.

ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, त्यामुळे बहुतेक दाणा स्वतःच्याच परागावर भरतो. हायब्रीड बियाणं करायचं तर मादी म्हणून लावलेल्या ताटाचा पराग बंद पाडावा लागतो. एकेक फूल हाताने कोण खुडत बसणार? 1954 मध्ये अमेरिकेत स्टीफन्स आणि हॉलंड यांनी वाट दाखवली. मायलो आणि काफिर या ज्वारीच्या दोन लांबच्या गटांचा संकर केला, तेव्हा नर-वांझ ताटं मिळाली. मायलोचं पेशीद्रव्य आईकडून येतं, त्याचं काफिरच्या जनुकांशी जुळत नाही, म्हणून पराग तयारच होत नाही. मग बाप असा निवडायचा, ज्याच्या जनुकांमुळे हायब्रीडमध्ये पराग पुन्हा येईल. याच पद्धतीने 1964 मध्ये सीएसएच-1 हे भारतातलं पहिलं ज्वारी हायब्रीड आलं.

रब्बीत इथेच घोडं पेंड खातं. बापाची ही जनुकं थंडीत अर्धवट काम करतात. फुलोऱ्यात रात्रीचा पारा 10 अंशांच्या आसपास उतरला की पराग कमी पडतो आणि कणसात दाण्याऐवजी फोलपटं उरतात. सकाळी फुलोऱ्यातल्या कणसाला टिचकी मारून बघा. पिवळी पूड उडाली तर ठीक. परागकोश बारीक, पांढुरके, सुकलेले दिसले तर नर वांझ समजा.

दुसरा पेच नात्याचा. मालदांडी 'दुर्रा' गटातली. जवळच्या दुर्राशी संकर केला तर जोम कमी, लांबच्या गटाशी केला तर जोम भरपूर, पण मोत्यासारखा दाणा, भाकरीची चव आणि खोडमाशीपुढे टिकण्याची ताकद घटते. भातातही इंडिका आणि जॅपोनिका या उपजातींच्या संकरात लोंब्या पोकळ राहायच्या. तिथे दोघांशी जुळवून घेणारं जनुक सापडलं आणि वाट मोकळी झाली. गंमत म्हणजे खुद्द मालदांडीच्या पेशीद्रव्यातही नर-वांझपण आणणारा गुण आहे, पण त्याला उतारा ठरणारे बाप फार थोडे.

म्हणून सीएसएच-15 आर सारखी रब्बी हायब्रीडं आली, पण मोहोळच्या केंद्रावर निवडलेल्या मालदांडी 35-1 ला हटवू शकली नाहीत. 2016 मध्ये तर मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. राहुरी विद्यापीठाचे फुले वसुधा (भारी जमीन), फुले सुचित्रा (मध्यम) आणि फुले अनुराधा (हलकी) हे सरळ वाणच आहेत. त्यांचं बी घरचं ठेवता येतं, फक्त शेजारी हायब्रीडचा पट्टा नको आणि बियाण्याची कणसं रानाच्या मधली निवडा.

हायब्रीडचं बी मात्र पुन्हा पेरू नका. ताटं उंच-बुटकी होतात, काही पुन्हा नर-वांझ निघतात. आणि रब्बीला हायब्रीड लावायचंच असेल तर पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापुढे ढकलू नका, नाहीतर फुलोरा नेमका कडाक्याच्या थंडीत सापडतो.